पार्सल मुंबईत, मालक सोलापुरात

सोलापूरला समुद्र नाही आणि परदेशी विमानही उतरत नाही. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं आणि ऑक्टोबरात मुंबईचं विमान सुरू झालं, त्याचं कौतुक झालं, पण ती वाहतूक देशातली. त्यामुळे एखाद्याने जर्मनीतून जुन्या कॅमेऱ्याची लेन्स मागवली, कुणाच्या लेकीने न्यू जर्सीहून आईसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र पाठवलं, किंवा यंत्रमागवाल्याच्या पोराने कोरियातून हेडफोन घेतले, तरी त्या वस्तूचं भवितव्य बहुतेक वेळा मुंबईतच ठरतं. तिथे खोका उघडतात, किंमत लावतात, कर ठरवतात. मालक साडेचारशे किलोमीटरवर नवी पेठेत किंवा जुळे सोलापुरात मोबाइलवर ट्रॅकिंग बघत बसलेला असतो आणि त्याला पडद्यावर एकच ओळ दिसते : कस्टम्सकडे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कराचा दर जाचक असतोही, पण तो निदान आकडेमोड करून कळतो. सोलापूरच्या माणसाची खरी अडचण अशी की निर्णयाच्या वेळी तो हजर नसतो आणि त्याच्या वतीने बोलायला खोक्यावर चिकटवलेला एक कागद तेवढा असतो. तो कागद बहुधा परदेशातल्या एखाद्या दुकानदाराने घाईत भरलेला असतो.

आयात शुल्क हा विषय या गावाला नवा नाही. इथली जुनी मिल १८७० च्या दशकातली. तिचं सूत आणि कापड बाजारात येऊ लागलं त्याच सुमारास मँचेस्टरच्या दडपणाखाली इंग्रज सरकारने विलायती कापडावरची जकात उतरवत नेली आणि १८८२ मध्ये काढूनच टाकली. पुढे तिजोरीत खडखडाट झाल्यावर ती परत बसवावी लागली, तेव्हा १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी लादली. देशी मालाला झुकतं माप मिळू नये असा आव होता, प्रत्यक्षात ते आपल्याच गिरण्यांच्या मानेवर जू होतं. १९२५ च्या अखेरीस ती स्थगित झाली. परदेशी वस्तूवर कर किती असावा हा प्रश्न सोलापूरच्या गिरणगावाने पोटाशी बांधून अनुभवलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर काटा उलट्या बाजूला झुकला. चैनीच्या वस्तू आयात करायला परवाना लागे आणि तो सामान्य माणसाला मिळत नसे. मग परदेशी वस्तू घरात यायच्या वाटा दोनच : परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकाची बॅग, नाहीतर मुंबई. मुंबईला लग्नाच्या खरेदीला गेलेली मंडळी मनीष मार्केट आणि मुसाफिरखान्यात एक चक्कर मारत, ऐपत असली तर हाजीअलीच्या हिरापन्नातही. टू-इन-वन, कॅसेट, सेंटची बाटली, नायलॉनची साडी. घेणाऱ्यालाही ठाऊक असे की ह्या मालाने कस्टम्सचं दार पाहिलेलं नसावं, पण ‘फॉरेनचा’ या शब्दापुढे सगळं माफ होतं. १९९१ च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात शुल्काचा कमाल दर दीडशे टक्क्यांवर आणला तेव्हा ती सुधारणा मानली गेली, यावरून आधीचा काळ ओळखावा. ग्राहकोपयोगी वस्तूंवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं १ एप्रिल २००१ ला उठली; शेवटच्या यादीत ७१५ वस्तू होत्या. घरबसल्या परदेशातून काही मागवता येणं ही आपल्याकडे जेमतेम पाव शतकाची गोष्ट आहे, हे तक्रार करताना आपण विसरतो.

आज वाटा तीन. प्रवाशाची बॅग, टपाल आणि कुरिअर. कायदा एकच, १९६२ चा सीमाशुल्क कायदा, पण तिन्ही ठिकाणी वागणूक निराळी.

बॅगेचं लवकर उरकतो, कारण तिथे माणूस स्वतः हजर असतो आणि म्हणूनच तंटे कमी होतात. २०१६ च्या नियमांत परदेशातून परतणाऱ्या रहिवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतचं सामान माफ होतं. २०२६ च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या नव्या बॅगेज नियमांनी ही मर्यादा ७५ हजार केली. वर्षाहून जास्त काळ परदेशी राहून आलेल्या स्त्रीला ४० ग्रॅम आणि इतरांना २० ग्रॅम दागिने आणता येतात. आधी वजनाबरोबर किमतीचीही अट होती, पुरुषांना ५० हजार आणि बायकांना एक लाख. सोन्याचा भाव जिथे जाऊन पोचला होता तिथे ही अट हास्यास्पद झाली होती. चार बांगड्या हातात घालून उतरणारी सासूबाई कागदोपत्री गुन्हेगार ठरे. ती अट गेली हे बरं झालं. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप माफ आहे, तो या मर्यादेत धरत नाहीत. म्हणून ‘येताना एक लॅपटॉप घेऊन ये’ हे सांगणं अजून प्रत्येक घरात चालतं आणि ते कायद्याला धरूनच आहे.

खरा गुंता टपाल आणि कुरिअरचा.

टपालाने येणारं परदेशी पार्सल विदेश डाकघरातून जातं. मुंबईचं ते कार्यालय बॅलार्ड इस्टेटमध्ये. तिथे टपाल खात्याच्याच छपराखाली कस्टम्सचे अधिकारी बसतात. पाकिटावर पाठवणाऱ्याने भरलेली एक चिठ्ठी असते, छोट्या पाकिटाला सीएन २२ आणि मोठ्याला सीएन २३. आत काय आहे, वजन किती, किंमत किती, विक्रीचा माल की भेट. अधिकारी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून सोडतो, शंका आली तर उघडतो, किंवा मालकाला पत्र पाठवून बिल, बँकेचा दाखला, ओळखपत्र मागवतो. हे पत्र सोलापूरला येईपर्यंत आठवडा जातो आणि उत्तर पोचेपर्यंत दुसरा. कर लागला तर तो पोस्टमन दारात वसूल करतो, वर टपालाची फी. ही पद्धत संथ आहे, पण मला ती प्रामाणिक वाटते : कर किती आणि खात्याची फी किती, हे पावतीवर वेगळं दिसतं.

चिठ्ठीवर ‘गिफ्ट’ लिहिलं की काम होतं, हा समज अजून पुरता गेलेला नाही. एके काळी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला माफी होती, ही गोष्ट खरी. पण चिनी विक्री-संकेतस्थळांनी ती सवलत धुऊन काढली. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेला कुर्ता आणि मोबाइलचं कव्हर ‘भेट’ म्हणून लाखोंच्या संख्येने येऊ लागलं. शेवटी १२ डिसेंबर २०१९ ला परकीय व्यापार महासंचालनालयाने टपाल किंवा कुरिअरने भेट म्हणून माल सोडवण्यावर बंदी घातली. अपवाद दोनच ठेवले, जीवरक्षक औषधं आणि राखी. तेही कंसात स्पष्टीकरण देऊन : राखी चालेल, राखीबरोबरच्या भेटी चालणार नाहीत. दिल्लीतल्या कुठल्या तरी टेबलावर भावाबहिणीच्या नात्याची अशी काटेकोर चिरफाड झाली असेल, याची गंमत वाटते. मात्र त्याच अधिसूचनेत पुढे हेही आहे की पूर्ण शुल्क भरून भेट आणता येते. म्हणजे भावाने पाठवलेलं घड्याळ बेकायदा नाही, फुकट मात्र येणार नाही. आणि देय कर शंभर रुपये किंवा त्याहून कमी निघाला तर तो वसूल करत नाहीत, ही कायद्याच्या पंचविसाव्या कलमातली जुनी तरतूद अजून जागेवर आहे.

आता हिशेब. वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेल्या बहुतेक वस्तू दरपत्रकात एकाच शीर्षकाखाली धरतात, ९८०४. गिटारची तार असो की मुलाचं खेळणं, दर एकच. हाच माल व्यापाऱ्याने आणला तर त्या त्या वस्तूचा स्वतःचा दर लागतो आणि तो कमीही असू शकतो. घाऊक आणणाऱ्याला स्वस्त आणि एक नग मागवणाऱ्याला महाग, हा उफराटा न्याय त्यातून निघतो. कर वस्तूच्या नुसत्या किमतीवर लागत नाही. तिच्यात भाडं आणि विमा मिळवतात. विमानाचं भाडं कितीही असलं तरी वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरत नाहीत. विम्याचा आकडा कळला नाही तर १.१२५ टक्के. डॉलरचा भाव कार्डाच्या बिलावरचा चालत नाही, कस्टम्स जाहीर करतं तो.

या बेरजेवर आधी मूळ शुल्क, शुल्कावर समाजकल्याण अधिभार, आणि मग या सगळ्यावर एकात्मिक जीएसटी. करावर कर चढत असल्यामुळे आकडा डोळ्यांदेखत फुगतो. मूळ शुल्क १० टक्के आणि जीएसटी २८ असताना एकूण भार ४२.०८ टक्के होई. मूळ शुल्क ३५ झालं तेव्हा तो ७७.२८ टक्क्यांवर गेला. दहा हजारांच्या वस्तूला ७,७२८ रुपये. ज्यांनी त्या काळात काही मागवून हात पोळून घेतले, ते आजही तोच दर गृहीत धरून बसले आहेत. दरम्यान चित्र बरंच पालटलं. २०२५ च्या अर्थसंकल्पात ३५ चा दर २० वर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा २८ चा टप्पाच गेला आणि या शीर्षकाला १८ लागू झाला. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क आणखी खाली, १० वर आणण्याची घोषणा झाली. म्हणजे भार एके काळच्या निम्म्याच्याही खाली आला, तरी त्याची कुठे चर्चा नाही. दरवाढीची बोंब होते, दरकपातीची बातमी अर्थसंकल्पाच्या पानात आतल्या कॉलमात राहते.

कुरिअरचं दार वेगाचं. माल मुंबईच्या विमानतळावरच्या कुरिअर टर्मिनलवर येतो, मालकातर्फे कंपनीच घोषणापत्र भरते आणि कंपनीच आधी शुल्क भरून नंतर आपल्याकडून वसूल करते. आपल्याकडून फक्त केवायसी हवी असते, आधार किंवा पासपोर्ट. स्वतःच्या वापरासाठी एखादी वस्तू मागवणाऱ्याला आयात-निर्यात कोड लागत नाही. कुणी ‘तो काढावाच लागेल’ म्हणून पैसे मागत असेल तर दुसरीकडे विचारावं.

वेगाची किंमत इथेच दडलेली असते. माझ्या एका पार्सलच्या वेळी ‘कस्टम्स चार्जेस’ म्हणून आलेल्या रकमेत प्रत्यक्ष शुल्क निम्मंही नव्हतं. बाकीची आगाऊ भरणा फी, हाताळणी, कागदपत्रं आणि त्यावरचा जीएसटी. शिव्या मात्र कस्टम्सने खाल्ल्या. अशा वेळी बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कंपनीने भरलेल्या त्या घोषणापत्राची, प्रत मागावी. ती मालकाच्या नावाने भरलेली असते, त्यामुळे मिळायलाच हवी. तिच्यावर शीर्षक कुठलं लावलं, किंमत किती धरली, शुल्क किती भरलं हे छापलेलं असतं. शीर्षक चुकलं असेल तर साठ दिवसांच्या आत सीमाशुल्क आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करता येतं. जास्त भरलेल्या शुल्काचा परतावा मागायची मुदत साधारण वर्षाची. दोन हजार रुपयांसाठी कोण अपील करतो, हा प्रश्न रास्त आहे. पण यंत्रमागाचा एखादा सुटा भाग किंवा दंतवैद्याचं उपकरण असलं की रक्कम दोन हजारांची राहत नाही.

आणखी एक दार फारसं कुणाला ठाऊक नाही. वस्तूपेक्षा कर डोईजड झाला, तर माल सोडवण्याचा हुकूम व्हायच्या आत तिच्यावरचा हक्क लेखी सोडता येतो. कायद्याच्या तेविसाव्या कलमात ती सोय आहे. हक्क सोडला की शुल्काची देणेदारी संपते. वस्तू जाते, विक्रेत्याला दिलेले पैसेही बहुधा जातात, पण मागाहून नोटिसा येत नाहीत. पार्सल नुसतं घ्यायचं टाळणं आणि रीतसर हक्क सोडणं यांत हा फरक आहे.

काही वस्तूंच्या बाबतीत कर भरायची तयारी असूनही उपयोग होत नाही. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. तयार ड्रोन ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून आणता येत नाही, लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी-बियाणं आणि कलमं. सांगोला, पंढरपूर, माळशिरस हा डाळिंबाचा पट्टा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे. हौशी बागायतदाराला परदेशातल्या वाणाचं बी चार डॉलरला दिसतं आणि तो मागवतो. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्याला आयात परवाना आणि मूळ देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. चार डॉलरच्या पाकिटाबरोबर ते येत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये न मागवलेली बियांची पाकिटं टपालाने येण्याबाबत केंद्रीय कृषी मंत्रालयाने इशारा दिला होता, तो बियांबरोबर रोग येण्याच्या भीतीने. तेल्या रोगापायी उभ्या बागा उपटाव्या लागलेल्या जिल्ह्याला हा नियम जाच वाटू नये.

औषधांचं प्रकरण वेगळं, आणि इथे कायदा लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ माणुसकीचा आहे. भारतात न मिळणारं औषध स्वतःसाठी आणायचं तर औषध नियमांत त्याची वाट १९४५ पासून आहे : डॉक्टरची चिठ्ठी जोडून नमुना १२-अ मध्ये अर्ज, १२-ब मध्ये परवाना, एका वेळी जास्तीत जास्त शंभर मात्रा. अर्ज आता केंद्रीय औषध नियंत्रकांच्या संकेतस्थळावर करता येतो. प्रवासी स्वतःच्या वापराचं औषध बॅगेत आणतो, त्याला हा परवाना लागत नाही.

करमाफीचा इतिहास मात्र रडून मिळवलेला आहे. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी मणक्याच्या स्नायूंच्या दुर्मीळ आजारावरचं सुमारे १६ कोटींचं इंजेक्शन लोकवर्गणीतून मागवलं गेलं, तेव्हा त्यावरचा कर सहा कोटींच्या घरात होता. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं आणि केंद्राने कर माफ केला. त्याच वर्षी उन्हाळ्यात कोरोनाच्या लाटेत प्राणवायूची यंत्रं परदेशातल्या नातेवाइकांकडून येऊ लागली. सरकारने ती भेट म्हणून आणायला तात्पुरती परवानगी दिली, जीएसटी २८ वरून १२ वर आणला. दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०२१ ला अशा भेट यंत्रांवरचा हा करच घटनाबाह्य ठरवला आणि दहा-बारा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. घरात रुग्णाला धाप लागलेली आणि दिल्लीत कराच्या घटनात्मकतेवर युक्तिवाद, असा तो महिना होता.

एकेका रुग्णासाठी पत्रं लिहायची वेळ पुढे टळली ती २०२३ च्या मार्चअखेरच्या अधिसूचनेमुळे. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात नोंदलेल्या आजारांवरची औषधं आणि विशेष वैद्यकीय आहार वैयक्तिक वापरासाठी आणल्यास मूळ सीमाशुल्क पूर्ण माफ. २०२६ च्या अर्थसंकल्पात या यादीत आणखी सात आजार घालण्याची घोषणा झाली. माफीसाठी लागणारं प्रमाणपत्र राज्याचे आरोग्य संचालक देऊ शकतात, तसंच जिल्हा शल्यचिकित्सकही. म्हणजे सोलापूरच्या कुटुंबाला यासाठी मुंबई-पुण्याला जायची गरज नाही, सही गावातच मिळते. सगळ्या कस्टम्स व्यवहारात सोलापुरात बसून होणारं एवढंच एक महत्त्वाचं काम असावं, आणि तेच कुणाला माहीत नसतं.

गावातून बाहेर जाणाऱ्या पार्सलांचंही याच विषयात बघायला हवं. सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिवाळीच्या फराळाबरोबर बॉस्टन-डॅलसला जाते. २०२५ मध्ये ती अडकली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी बंद केली. कर गोळा कुणी करायचा हेच स्पष्ट नसल्याने विमान कंपन्यांनी टपाल घ्यायचं थांबवलं आणि भारतीय टपालाने अमेरिकेची पार्सल सेवा महिना-दीड महिना बंद ठेवली. ती १५ ऑक्टोबरला सुरू झाली तेव्हा दिवाळी दारात उभी होती. शंभर डॉलरपर्यंतची खरी भेट अमेरिकेत माफ राहिली, हे त्या धामधुमीत बहुतेकांपर्यंत पोचलंच नाही. युरोपने आपली २२ युरोंची जीएसटीसदृश माफी १ जुलै २०२१ लाच काढून टाकली होती. आपण २०१९ मध्ये जे केलं आणि ज्याबद्दल मागास म्हणवून घेतलं, ते सगळं जग त्याच कारणाने एकामागून एक करत गेलं.

या गावापुरतं बोलायचं तर छोट्या पार्सलांना सरसकट माफी मागताना मला अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीचा आवाज ऐकू येतो. टॉवेल आणि चादरीवर जगणारं शहर आहे हे. परदेशी कारखान्यातला टॉवेल ‘भेट’ म्हणून बिनकराचा घरोघर आला असता तर यंत्रमागवाल्याने काय करायचं होतं? ग्राहक म्हणून मला कर कमी हवा आणि शेजारचा कारखानदार म्हणतो तो राहू दे. दोघंही खरे. म्हणून दराच्या वादात मी फार शिरत नाही. माफीची मागणी औषधं, उपकरणं आणि पुस्तकांपुरती ठेवावी. २०१९ पासून परदेशी छापील पुस्तकांवर बसलेला ५ टक्के कर तेवढा मला आजही खटकतो.

फसवणुकीबद्दल दोनच वाक्यं. ‘तुमचं पार्सल कस्टम्सने पकडलंय, या खात्यात पैसे भरा’ असा फोन कस्टम्स करत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर अटकही करत नाही. खात्याच्या खऱ्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

हे गावात बसून विचारायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. पासपोर्टसाठी सोलापूरकरांना पूर्वी पुण्याला खेटे घालावे लागत. आता ते काम इथल्या टपाल कार्यालयात होतं. निर्यात करणाऱ्या छोट्या उद्योजकांसाठी टपाल खात्याने देशभर हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रं काढली, तिथले कर्मचारी कस्टम्सची ऑनलाइन कागदपत्रं रोज हाताळतात. येणाऱ्या पार्सलांसाठी असंच एखादं टेबल मुख्य टपाल कार्यालयात लावता येईल. मुंबईहून आलेल्या पत्राला स्कॅन करून त्याच दिवशी उत्तर पाठवणं, लागू दर सांगणं, बिल ऑफ एंट्रीची प्रत काढून देणं, आणि दुर्मीळ आजाराच्या रुग्णाच्या नातेवाइकाला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कचेरीचा रस्ता दाखवणं, एवढीच कामं. त्यासाठी कायदा बदलायला नको. टपाल आणि सीमाशुल्क या दोन खात्यांनी एका परिपत्रकावर सह्या केल्या की पुरे.